पॉडकास्ट काढायचा म्हणता? आधी बारा भागांची नावं लिहा

या वेळच्या पत्रांत पॉडकास्टबद्दलचे प्रश्न इतके आले की अख्खं सदर त्यांनाच द्यावं लागलं. खानापूर, निपाणी, वडगाव, चिकोडी, अथणी अशा ठिकाणांहून आलेले निवडक प्रश्न घेतले आहेत. पत्रं आवरून दिली आहेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. जंगलाकडच्या गावांतली जुनी शेती, शाळा, सणवार यांबद्दल बोलण्यासारखं खूप आहे. मुलगा म्हणतो, पॉडकास्ट काढा. सून म्हणते, कोण ऐकणार? कुणाचं ऐकू? (खानापूर तालुका)

सर, दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. एक कोरा कागद घ्या आणि बारा भागांची नावं लिहा. ‘जुनी शेती’ हे नाव चालणार नाही, तो विषय झाला. ‘कुमरी शेती (जंगल तोडून-जाळून केलेली फिरती शेती) कशी करायचे आणि जंगलखात्याने ती का बंद पाडली’ हे भागाचं नाव झालं. प्रत्येक नावाखाली दोन ओळी लिहा: ऐकणाऱ्याला ठाऊक नसलेली कोणती गोष्ट यात आहे, आणि तुमच्याखेरीज आणखी कुणाचा आवाज यात येणार. बाराव्या नावापर्यंत पोचलात तर साहित्य आहे. पाचावर अडलात तरी बिघडलं नाही. ‘पाच भागांची मालिका’ असं पहिल्याच भागात सांगून टाका आणि पाच पुरे करा. दर आठवड्याचा वायदा करून सातव्या भागाला दम सुटलेले पॉडकास्ट ढिगाने पडलेत. त्यांच्यापेक्षा पुरी झालेली छोटी मालिका केव्हाही चांगली.

मग ऐकणारे मोजा. ‘तमाम मराठी माणूस’ हा श्रोता कुणालाच मिळत नाही. तुमच्या तालुक्यातली जी मंडळी पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला, गोव्याला गेली, ती रोज तास-दीड तास बसमध्ये, लोकलमध्ये कानात इयरफोन घालून असतात. त्यांना तुमची गोष्ट हवी आहे आणि ती खानापूरच्या हेलात हवी आहे. म्हणून माइकसमोर बसलं की पुणेरी मराठी बोलायला जाऊ नका. गावातल्या माणसाला मात्र याची तितकी गरज नाही, त्याला तुम्ही पारावर भेटताच.

तिसरी कसोटी आवाजाची. सनावळ्या, सर्व्हे नंबर, वंशावळी हा ऐवज असेल तर सरळ पुस्तिका छापा. तेवढ्या खर्चात ती होते आणि टिकते. बोलण्याची ढब, हाका, गाणी, दोन म्हाताऱ्यांची हुज्जत हा ऐवज असेल तर तो छापून मरतो, तिथे आवाजच पाहिजे.

वेळेचा हिशेब आधीच करा. वीस मिनिटांच्या भागाला तयारीचे दोन तास, बोलण्याचा एक, काटछाटीचे तीन आणि चढवून वर्णन लिहिण्याचा एक, असे नवख्या माणसाचे सहज सात तास जातात. मिनिटाला ११० ते १२५ शब्द धरले तर वीस मिनिटं म्हणजे २,२०० ते २,५०० शब्द. ते सगळे लिहून वाचू नका. शिक्षकांचा आवाज वाचायला लागला की वर्ग भरतो. पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं लिहा, बाकी मुद्दे.

शेवटी एक परीक्षा. तीन भाग करा, पण जाहीर करू नका. नात्यात नसलेल्या दहा जणांना पाठवा. ‘कसं वाटलं?’ विचारलंत तर सगळे ‘छान’ म्हणतील. ‘कुठे बंद केलं?’ आणि ‘काय लक्षात राहिलं?’ एवढंच विचारा. चौथा भाग कधी, असं चार जणांनी आपणहून विचारलं की बेलाशक सुरू करा.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र गप्पांचा पॉडकास्ट काढतोय. दुकानदाराने पंचवीस हजारांचा किट सांगितला. घ्यावा का? (निपाणी)

वीस हजार खिशातच ठेवा. तुमच्याकडे तीन फोन आहेत, म्हणजे तीन रेकॉर्डर आहेत. एकच फोन टेबलावर ठेवला तर लांब बसलेल्याच्या आवाजाबरोबर भिंतीवरून परतलेला आवाजही येतो आणि तो मागाहून पुरता काढता येत नाही. म्हणून प्रत्येकाला एक तारेचा कॉलर माइक आणि आपापला फोन. बोया कंपनीचा बीवाय-एम१ किंवा तसलाच दुसरा हजाराच्या आतबाहेर मिळतो.

या माइकच्या तारेवर एक डबी असते आणि तिच्यावर बटण. बटणाला कॅमेरा आणि फोन अशा दोन जागा आहेत. फोनला जोडताना ते फोनच्या बाजूला पाहिजे, आतला एलआर४४ सेल फक्त कॅमेऱ्यासाठी. आवाज अगदीच बारीक आला तर माइक फेकण्याआधी हे बटण बघा. फोनला गोल पिनेची जागा नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर लागेल. स्वस्तातले काही कन्व्हर्टर काही फोनवर चालतच नाहीत, म्हणून दुकानातच आपल्या फोनवर रेकॉर्ड करून बघा. ते करताना कॉलर माइकच्या जाळीवर नखाने खरवडा. ऐकताना खरखर मोठी आली तर माइक चालू आहे. बारीक, लांबून आली तर फोन आपल्या स्वतःच्याच माइकने घेतोय.

माइक हनुवटीपासून एक वीत खाली लावा. गळ्यातली साखळी किंवा शर्टाचं बटण त्याला घासता कामा नये. फोन फ्लाइट मोडवर. ॲप असं निवडा की जे वेव्ह म्हणजे न दाबलेल्या प्रकारात, ४४.१ किलोहर्ट्‌झवर, मोनो म्हणजे एकाच वाहिनीत रेकॉर्ड करतं. मिनिटाला साधारण पाच एमबी जागा जाते, म्हणजे चाळीस मिनिटांना दोनशेच्या वर. ॲपमधला आवाजाच्या पातळीचा काटा बोलताना उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावा आणि हसण्या-ओरडण्यातही उणे ६ च्या फारसा वर जाऊ नये. शून्याला टेकून फाटलेला आवाज कुठल्याच सॉफ्टवेअरने पुरता शिवला जात नाही. तिघांनी रेकॉर्डिंग सुरू केलं की एकाने जोरात टाळी वाजवायची. तिन्ही फायलींत तिचं टोक दिसतं, ते जुळवलं की तीन आवाज एका वेळेवर येतात. दोन फोनांची घड्याळं अर्ध्या-पाऊण तासात किंचित मागेपुढे होतात, म्हणून संपवतानाही टाळी.

चौथा मित्र पुण्याहून बोलणार असेल तर त्याने आपल्या बाजूचा आवाज स्वतःच्या फोनवर रेकॉर्ड करून ती फाइल व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलेला आवाज फार दाबला जातो.

सहा भाग पुरे झाले आणि तिघंही अजून बोलत असाल, तर मग मोठा माइक घ्या. घेताना डायनॅमिक घ्या, तो मुख्यतः जवळचा आवाज घेतो. दुकानदार कंडेन्सर पुढे करील, पण तो खोलीतलं सगळंच टिपतो, अगदी शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांसकट.

प्रश्न : आमच्या गल्लीत यंत्रमाग, वर पत्रा. रेकॉर्डिंगमध्ये खटखट आणि पाऊस. नॉइज रिडक्शन करून बघितलं, आवाज विचित्र झाला. (वडगाव, बेळगाव)

नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा आवाज पुसण्याची सॉफ्टवेअरमधली सोय, एकसारख्या घुर्र आवाजावर चालतं: पंखा, फ्रीज, कॉम्प्युटर. मागाची खटखट तुटक ठोक्यांची असते. तिच्यावर हे औषध लागू पडत नाही आणि जोर वाढवला की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. त्यामुळे आवाज काढत बसण्यापेक्षा तो येऊच न देणं स्वस्त.

मागांच्या सुट्टीचा दिवस धरा. करंट गेला की तर सोन्याची वेळ! माग, पंखे, फ्रीज, पाण्याची मोटर सगळं एकदम गप्प होतं, आणि तुमचा फोन बॅटरीवर चालतोच. पाहुण्याला आधी सांगून ठेवा, फोन भरून ठेवा आणि लाईट गेली की बसा. एरवीही रेकॉर्डिंग करताना चार्जर लावू नये. लॅपटॉपच्या चार्जरमधून ५० हर्ट्‌झची गुणगुण शिरते. हाय-पास फिल्टरने (ठरावीक पट्टीखालचे आवाज गाळणाऱ्या चाळणीने) तिचा खालचा भाग जातो, पण १०० आणि १५० हर्ट्‌झवरची तिची पिल्लं राहतात.

पावसाचं तर सरळ आहे. आपल्याकडे मिरगापासून दोन-तीन महिने पत्र्याखाली बोलण्यात अर्थ नाही. मे महिन्यात सहा भाग करून ठेवा आणि पावसाळाभर एकेक सोडा.

खोली लहान, सामानाने भरलेली निवडा. गाद्यांची चळत, कपड्यांचं उघडं कपाट, दोरीवर टाकलेल्या दोन गोधड्या. गोधडी बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि समोर हवी, कारण आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परततो. नुसत्या स्लॅबच्या रिकाम्या खोलीपेक्षा कौलारू माजघरात घुमणं कमी असतं, फक्त फटींतून बाहेरचं ऐकू येतं. माइक तोंडाच्या अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांची हवा धप्पकन आदळते. तो थोडा कडेला, गालाच्या रेषेत ठेवा.

बोलायला लागण्याआधी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसून खोलीचा आवाज घ्या. ऑडॅसिटी या काटछाटीच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हाच तुकडा नमुना म्हणून द्यायचा. क्रम असा ठेवा: आधी नॉइज रिडक्शन ६ ते ९ डेसिबल, त्याहून जास्त नको. मग ८० हर्ट्‌झचा हाय-पास फिल्टर, मग मोठे-बारीक आवाज जवळ आणणारा हलका कॉम्प्रेसर आणि शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन उणे १६ एलयूएफएसवर (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप). मोनो फाइल असेल तर तिथली ‘ड्युअल मोनो’ची खूण राहू द्या. क्रम उलटा केलात, कॉम्प्रेसर आधी लावला, तर तो खोलीचा आवाजच वर उचलतो आणि तोच तुम्ही नंतर काढत बसता.

एमपी३ मोनो ६४ केबीपीएसवर काढली तर वीस मिनिटांची फाइल साधारण साडेनऊ एमबीची होते. निव्वळ बोलण्याला तेवढं पुरतं. डोंगरातल्या गावी रेंज नसताना ऐकणाऱ्याला हाच आकडा महत्त्वाचा.

प्रश्न : सासूबाईंना जात्यावरच्या शेकडो ओव्या येतात. पॉडकास्टवर घालता येतील का? हक्कांची काही अडचण? मध्ये सिनेमातल्या गाण्याचा तुकडा टाकला तर चालेल? (चिकोडी तालुका)

वहिनी, शेवटच्याचं आधी सांगतो. सिनेमाचं गाणं नको, दहा सेकंदसुद्धा नको. ‘अमुक सेकंदांपर्यंत चालतं’ हा नियम कायद्यात कुठेही नाही. यूट्यूबची यंत्रणा तुकडा ओळखते आणि त्या भागाचं उत्पन्न हक्कदाराकडे जातं किंवा भाग अडवला जातो.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ओवीवर कुणा एकाची मालकी नाही. पण गाणाऱ्या बाईचा तिच्या गाण्यावर हक्क आहे. आपल्या कायद्यात कलाकाराचा हक्क ५० वर्षं टिकतो. घरातल्याच असल्या तरी सासूबाईंची संमती रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच त्यांच्या तोंडून घ्या: नाव, गाव, माहेर, तारीख आणि ‘हे लोकांना ऐकवायला माझी हरकत नाही’ एवढं वाक्य. शेजारणींना बोलावलंत तर त्यांचंही. संतांचे अभंग कुणालाही गाता येतात, पण बाजारात मिळणारं एखाद्या गायकाचं रेकॉर्डिंग तुमचं नाही. छापील कथा वाचायच्या असतील तर लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजा. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं आहे. हयात लेखकांना पत्र लिहून विचारा, आपल्याकडचे लेखक सहसा नाही म्हणत नाहीत.

आता रेकॉर्डिंग. सासूबाईंना खुर्चीवर बसवून ‘म्हणा’ म्हटलंत तर चार ओव्यांनंतर आठवणार नाही. हात फिरला की ओवी येते, म्हणून जात्यावरच बसवा. जात्याची घरघर जोरात असते, तेव्हा माइक पदराच्या खांद्याच्या बाजूला, तोंडाजवळ आणि जात्यापासून लांब. जात्यात मूठभरच ज्वारी घाला. रिकामं जातं दगडावर दगड घासून कर्कश वाजतं, भरलेलं जड चालतं आणि दम लागतो. काचेच्या बांगड्या काढायला लावू नका, तो आवाज ऐकणाऱ्याला हवा असतो. एक दळण जात्यासकट घ्या, मग जातं थांबवून त्याच ओव्या नुसत्या म्हणायला सांगा म्हणजे शब्द नीट लागतील. भागात दोन्ही वापरता येतात.

नोंद कशी ठेवावी याचा नमुना तयार आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या ‘परी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर येत आहेत, तिथे गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव ओवीसोबत असतं. तुमच्या भागाच्या वर्णनात तसंच द्या आणि ओव्यांचे शब्दही लिहा. सीमेअलीकडच्या, कानडी शब्द मुरलेल्या ओव्या अभ्यासकांनाही लागतील. या एका पत्राला आमचं उत्तर बिनशर्त ‘हो’ आहे. पॉडकास्ट पुढे चालो न चालो, रेकॉर्डिंग याच महिन्यात करा.

प्रश्न : ऊसशेतीवर पॉडकास्ट काढायचाय. मराठीत की कानडीत? आणि यातून महिन्याला काय सुटेल? (अथणी)

मिळकतीचं आधी. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सदस्य आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तास ऐकलं गेलेलं लागतं. प्रत्येक भाग ३०० जणांनी सरासरी ८ मिनिटं ऐकला तर ४० तास होतात. म्हणजे वर्षात शंभर भाग, आठवड्याला दोन! तेही उंबरठ्यापर्यंत पोचायला. त्यानंतरही खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे निघत नाहीत. तेव्हा पहिल्या वर्षी यातून सुटणारी रक्कम शून्य धरा. त्यापेक्षा ठिबकवाला, रोपवाटिका, अवजारांचं दुकान यांच्याशी चार भागांचं एकरकमी बोलणं जास्त व्यवहार्य आहे. ते प्रायोजक आहेत हे भागाच्या सुरुवातीलाच स्वच्छ सांगा. आणि ज्याचं खत विकायचं त्याच भागात त्याच खताचा सल्ला, असलं काही करू नका, शेतकरी एकदाच फसतो.

विषय मात्र पॉडकास्टला फार चांगला. रात्रीचं पाणी पाजताना, धार काढताना, ट्रॅक्टरवर हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे. भाग उसाच्या लागणीच्या हंगामाला बांधा: आडसालीवर जूनअखेर, पूर्वहंगामीवर सप्टेंबरात, सुरूवर डिसेंबरात. बेण्याची निवड, को ८६०३२ या वाणाचा खोडवा, हुमणी हे भाग पुढच्या वर्षीही ऐकले जातील. एफआरपीवरचा (केंद्र सरकार ठरवतं त्या उसाच्या किमान दरावरचा) भाग वर्षात शिळा होतो: १०.२५ टक्के उताऱ्याला २०२४-२५ साठी क्विंटलला ३४० रुपये होते, २०२५-२६ साठी ३५५. असे भाग थोडे आणि छोटे ठेवा. पाहुण्यांसाठी बेळगावातली निजलिंगप्पा साखर संस्था जिल्ह्यातच आहे.

भाषा एकाच पॉडकास्टमध्ये आलटून पालटून ठेवू नका. फीडमध्ये, म्हणजे भाग ॲपांपर्यंत पोचवणाऱ्या यादीत, भाषा एकच नोंदवता येते, आणि मराठी ऐकायला आलेल्याला दुसऱ्या दिवशी कानडी भाग मिळाला की तो निघून जातो. तुमची जी पहिली भाषा तिच्यात सहा भाग करा. चालले तर दुसऱ्या भाषेचा वेगळा पॉडकास्ट, वेगळ्या माणसाच्या आवाजात. पाहुणा मध्येच कानडीत शिरला तर तोडू नका, दोन वाक्यांत मराठीत सांगून पुढे जा. अथणीत लोक बोलतात तसंच ते ऐकतील.

प्रश्न : एक भाग किती मिनिटांचा असावा?

पंधरा ते पंचवीस. विषय नऊ मिनिटांत संपला तर नऊ.

प्रश्न : सीमाप्रश्नावर बोलावं का? (बेळगाव शहर)

बोला, पण कागद हातात धरून. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. एवढ्या तीन टप्प्यांवरच तीन भाग होतात आणि नव्या पिढीला तेच ठाऊक नसतं. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ समाजांत वैर पसरवण्याबद्दल आहे, कलम ३५६ बदनामीबद्दल. पाहुणा बोलला तरी प्रसिद्ध करणारे तुम्ही असता, त्यामुळे एखाद्या समाजाला उद्देशून आलेली शिवी काटछाटीत जाऊ द्या. न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग मात्र जपून ठेवा, उद्या कुणी ‘मी असं बोललोच नाही’ म्हणालं तर तेच कामाला येतं.

प्रश्न : आमच्या वाचनमंडळाचे आठ भाग झाले. प्रत्येकी चाळीस-पन्नासजण ऐकतात. बंद करावं का? (खानापूर)

आकडा एकटा काही सांगत नाही. यूट्यूबच्या स्टुडिओत श्रोते कुठे गळतात याचा आलेख असतो, तो बघा. चाळीसांतले पंचवीस शेवटपर्यंत टिकत असतील तर भाग चांगले आहेत, पोचवणं कमी पडतंय. मग नावं बदला. ‘भाग ५ : साहित्यचर्चा’ असं नाव कुणी उघडत नाही. वर्णनात विषयाचे शब्द रोमन अक्षरांतही टाका, कारण लोक मराठी विषय तसेच टाइप करून शोधतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथल्या साहित्य संमेलनांत छापील क्यूआर कोडचा कागद लावा. तिथे जमणारा माणूस हाच तुमचा श्रोता आहे. उलट पहिल्या अर्ध्या मिनिटातच आलेख कोसळत असेल तर सुरुवातीचं संगीत, स्वागत आणि मंडळाचा इतिहास कापा. पहिल्या वीस सेकंदांत विषय आला पाहिजे. या दुरुस्त्या करून आणखी चार भाग द्या, मग ठरवा.

थांबायचं ठरलं तर गुपचूप थांबू नका. दोन मिनिटांचा निरोपाचा भाग करा आणि फीड तशीच राहू द्या, फुकटच्या होस्टिंगवर (फायली ठेवायच्या ऑनलाइन जागेवर) तिचा खर्च नाही. मूळ वेव्ह फायली दोन ठिकाणी ठेवा. गूगलने २०२४ साली आपलं पॉडकास्ट ॲप बंद केलं, तशी कुठलीही सेवा उद्या बंद होऊ शकते. आणि फीड सध्या ज्या ईमेलवर आहे तो एखाद्या सभासदाचा खाजगी असेल तर आजच बदलून मंडळाच्या नावाचा घ्या, पासवर्ड दोघांकडे द्या. तो सभासद नोकरीसाठी बाहेर गेला की फीड त्याच्याबरोबर जाते आणि मंडळाला आपलाच भाग दुरुस्त करता येत नाही.